गळ्यातील नळी केव्हा काढावी? : एका वैद्यकीय निर्णयाचा इतिहास

१

श्वासनलिकेला गळ्यातून छेद देऊन तीत नळी बसविण्याची शस्त्रक्रिया म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी. हिचा इतिहास वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुष्कळ तपशिलाने लिहिला आहे. ती नळी पुन्हा काढून घेण्याचा इतिहास मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. याचे कारण उघड आहे. नळी घालण्याच्या प्रसंगी गुदमरणारा रोगी पाहता पाहता श्वास घेऊ लागतो. तो प्रसंग पाहणाऱ्याच्या मनावर ठसतो. नळी काढण्याचा प्रसंग तसा नसतो. ती काढावी की न काढावी हा विचार दिवसेंदिवस, कधी महिनोन्महिने चालतो, आणि काढल्यावर काहीच घडले नाही म्हणजे ती योग्य वेळी काढली असे समजावयाचे असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. नळी घालावयास एक कारण पुरते. ती काढावयास अनेक शक्ती एकाच वेळी जाग्यावर असाव्या लागतात. या शक्ती कोणत्या, हे वैद्यकाला एकाएकी उमगले नाही. प्रत्येक शक्तीचे महत्त्व एकेका रोगाने शिकविले. म्हणून आज रुग्णशय्येपाशी ज्या कसोट्या लावल्या जातात, त्यांत घटसर्प, पोलिओ आणि धनुर्वात या रोगांचे थर एकावर एक साचलेले आढळतात.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात शिरावे याचेही कारण आहे. ज्याच्या गळ्यात नळी आहे तो सामान्यतः बोलू शकत नाही. नळी केव्हा निघेल हा त्याच्या दृष्टीने पुष्कळदा ‘मी केव्हा बोलेन’ हाच प्रश्न असतो. शिवाय हा प्रश्न दूरदेशीचा नाही. नागपूरपासून सुमारे सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीसारख्या गावातील रोगी अतिदक्षता विभागासाठी नागपूरला नेला जातो आणि कधी कधी गळ्यातील नळीसह घरी परततो. ती नळी लवकर काढली तर जीव जाण्याचे भय. उशिरा काढली तर श्वासनलिका अरुंद होण्याचे, जंतुसंसर्गाचे आणि दीर्घ मौनाचे भय. या दोन भयांमधील वाट कशी सापडत गेली ते आता पाहू.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. या शस्त्रक्रियेचे युरोपीय नाव ग्रीक आहे. लॉरेन्झ हाइस्टर या जर्मन शल्यविशारदाने १७१८ मध्ये ‘ट्रॅकिओटॉमी’ हा शब्द वापरला, त्यातील उत्तरपदाचा अर्थ ‘छेद’. पुढे रूढ झालेल्या ‘ट्रॅकिऑस्टॉमी’तील उत्तरपदाचा अर्थ ‘मुख’. छेद बुजतो, मुख उघडे राहते. नळी काढल्यावर या मुखाचे पुन्हा छेदात रूपांतर होऊन ते मिटावे लागते. नळीसाठी वापरला जाणारा ‘कॅन्युला’ हा लॅटिन शब्द ‘लहान बोरू’ या अर्थाचा आहे. आपल्याकडील ‘नळी’, ‘नलिका’ आणि ‘नाडी’ हे शब्दही ज्या ‘नड’, ‘नल’ या संस्कृत शब्दांशी निगडित आहेत, त्यांचा मूळ अर्थ बोरू किंवा वेतासारखे पोकळ गवत असाच आहे. दोन भिन्न परंपरांनी पोकळीची कल्पना एकाच वनस्पतीवरून उचलली, हे मनोरंजक आहे.

ही शस्त्रक्रिया ऋग्वेदात आहे, असे विधान अनेक पाश्चात्त्य वैद्यकीय ग्रंथांत आढळते. त्याचा उगम बहुधा आठव्या मंडलातील पहिल्या सूक्ताची बारावी ऋचा हा असावा. या ऋचेत ‘जत्रु’ असा शब्द आहे. वैद्यकीय ग्रंथांनी त्याचा संबंध श्वासनलिकेच्या कूर्चांशी लावला; तथापि संस्कृत वैद्यकात जत्रु म्हणजे गळ्याच्या पायथ्याचा, गळपट्टीच्या हाडाचा भाग, श्वासनलिका नव्हे. शिवाय ऋचेचा आशय छेद देण्याचा नसून तुटलेले सांधण्याचा आहे, आणि ते कर्तृत्व इंद्राचे आहे. तेव्हा या ऋचेवरून शस्त्रक्रियेचा पुरावा काढणे युक्त नाही. सुश्रुताने कंठरोगांत ‘रोहिणी’ नावाचा, कंठ अडवून प्राण घेणारा रोग वर्णिला आहे. आधुनिक भाष्यकार पुष्कळदा त्यात घटसर्प ओळखतात. परंतु तेथे रक्तमोक्षण, गुळण्या इत्यादी उपचार आहेत. श्वासनलिका उघडण्याचा नाही. आपल्या परंपरेचे खरे योगदान या विषयात दुसरीकडे आहे, आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

३

नळी काढण्याचा प्रश्न नियमितपणे उभा राहिला तो घटसर्पामुळे. फ्रान्समधील तूर येथील पिएर ब्रेतोनो याने १८२५ मध्ये घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका लहान मुलीवर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो याने दोनशेहून अधिक रोग्यांवर ती केली आणि त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश वाचले असे नमूद केले. आज हा आकडा अल्प वाटेल. परंतु घशात तयार होणाऱ्या चामड्यासारख्या पडद्याने श्वास कोंडलेल्या मुलांना त्या काळी दुसरा आधार नव्हता.

घटसर्पात नळी काढण्याचे गणित वरवर सोपे होते. अडथळा वर आहे, नळी खाली आहे. अडथळा गेला की नळीचे प्रयोजन संपले. म्हणून पहिली कसोटी ठरली ती वरचा मार्ग मोकळा असण्याची. नळीच्या तोंडावर बोट ठेवून मूल वरून श्वास घेते का हे पाहणे, ही तिची सर्वांत साधी रीत. ती आजही चालू आहे.

तथापि याच रोगाने दुसरा धडाही दिला. पडदा निघून गेल्यानंतर काही आठवड्यांनी घटसर्पाचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते. टाळू लुळी पडते, पाणी नाकावाटे परत येते, अन्न श्वासमार्गात उतरते. म्हणजे मार्ग मोकळा असूनही रोगी सुरक्षित नसतो. गिळणे हे श्वसनापासून वेगळे कार्य असले तरी दोहोंचा चौक एकच आहे, ही गोष्ट येथे प्रथम ठळकपणे दिसली. मराठीत घटसर्प हे नाव माणसांच्या या रोगाला आहे, तसेच गुरांच्या गळा सुजून घरघर लावणाऱ्या निराळ्या रोगालाही आहे. जंतू भिन्न असले तरी नाव देणाऱ्यांनी लक्षण अचूक टिपले होते.

१८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर याने गळा न कापता तोंडावाटे नळी घालण्याची रीत प्रचारात आणली, आणि १८९० च्या दशकात प्रतिविष उपलब्ध झाले. या दोहोंनी घटसर्पासाठी गळा कापण्याची गरज हळूहळू कमी केली.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक अडचण पुढे आली. काही मुलांचा मूळ रोग बरा होऊनही नळी काढता येईना. काढली की ती पुन्हा गुदमरत. कारण आता अडथळा रोगाचा नव्हता, नळीचा होता. नळीच्या घर्षणाने छिद्राच्या वरच्या कडेला मांसांकुर वाढत, कूर्चा आत दबत, आणि श्वासनलिका आकसत असे. उपायच अपाय झाला होता.

या अडचणीचा उलगडा करण्याचे बरेचसे श्रेय फिलाडेल्फियाच्या शेव्हालिये जॅक्सन यांना आहे. १९०९ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेची शिस्तबद्ध पद्धत मांडली आणि १९२१ मध्ये असे दाखवून दिले की, स्वरयंत्राच्या लगत, फार वर दिलेला छेद हे दीर्घकालीन संकोचाचे मुख्य कारण आहे. याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. नळी सुखरूप निघेल की नाही, हे अंशतः ती घालतानाच ठरत असते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हाच धडा निराळ्या रूपाने गिरवावा लागला. यंत्राने श्वास देताना हवा गळू नये म्हणून नळीभोवती फुगा बसविला जाऊ लागला. आरंभीचे फुगे ताठ होते. त्यांच्या दाबाने श्वासनलिकेच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटे आणि व्रण भरताना ती नलिका अरुंद होई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कूपर आणि ग्रिलो यांच्या संशोधनाने हा कार्यकारणभाव स्पष्ट केल्यावर मऊ, कमी दाबाचे फुगे आले. आज फुग्याचा दाब साधारणतः पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरांच्या मर्यादेत ठेवतात. इंग्रजीत या फुग्याला जे नाव आहे ते मराठी रुग्णालयांत ‘कफ’ असेच उच्चारले जाते. ‘कफ काढा’ या वाक्याचा अर्थ फुग्यातील हवा काढा की छातीतील बेडका काढा, हे केवळ संदर्भावरूनच कळते. अशा संदिग्धतेचा निकाल रुग्णशय्येपाशी लागू नये. प्रस्तुत लेखात म्हणूनच ‘फुगा’ हा शब्द योजिला आहे.

५

१९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले रोगी लोखंडी श्वसनपेट्यांतही दगावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत फुग्याची नळी घालून रबरी पिशवीने हातांनी श्वास देण्यात आला आणि ती वाचली. पुढे यंत्रे अपुरी असल्याने सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबून रोगी जगविले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म या प्रसंगातून झाला असे मानतात.

नळी काढण्याच्या इतिहासात या घटनेने प्रश्नच बदलला. आता वरचा मार्ग मोकळाच होता. दुबळेपणा छातीच्या, पोटाच्या आणि घशाच्या स्नायूंत होता. बोट ठेवून मार्ग पाहण्याची कसोटी येथे अपुरी पडली. रोगी श्वास घेऊ शकेल, पण बेडका खोकून बाहेर टाकू शकेल काय? नळी असताना परिचारिका सक्शनने तो काढू शकते; नळी गेल्यावर त्याची जागा फक्त खोकलाच घेऊ शकतो. खोकल्याचे बळ ही दुसरी मोठी कसोटी अशा रीतीने पोलिओने दिली.

महाराष्ट्रात हा धडा धनुर्वाताने अधिक जवळून शिकविला. या रोगात स्नायूंच्या आकड्यांबरोबर स्वरयंत्रही आवळते आणि रोगी क्षणात गुदमरू शकतो. म्हणून तीव्र धनुर्वातात गळ्यातून नळी घालणे आणि स्नायू शिथिल करून यंत्राने श्वास देणे हा उपचाराचा कणा झाला. मुंबईत डॉ. फरोख उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी अशा उपचारांचा १५० भारतीय रोग्यांवरील अनुभव १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. धनुर्वाताचा विशेष असा की, त्याचे विष ओसरावयास आठवडे लागतात, आणि आकडे थांबले तरी आकडे थांबविण्यासाठी दिलेल्या गुंगीच्या औषधांचा अंमल राहतो. मार्ग मोकळा, स्नायू परत आलेले, पण रोगी पुरता जागा नाही, अशी अवस्था येते. शुद्धी ही तिसरी कसोटी अशा रोग्यांत टाळता येत नाही.

हे तीन रोग लसीकरणाने मागे हटले. भारत पोलिओमुक्त असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. परंतु नळीची गरज संपली नाही. तिची कारणे पालटली. रस्त्यावरील अपघातांत डोक्याला झालेली इजा, पक्षाघात, २०२०–२१ मधील कोविडची साथ, विदर्भात कापसावरील फवारणीतून होणारी विषबाधा, जिचे उग्र स्वरूप २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात दिसले, ही त्यांतील काही. २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रोगी आढळले आणि त्यांतील अनेकांना श्वसनयंत्र लावावे लागले. पोलिओने सोडलेला प्रश्न पुन्हा जसाच्या तसा समोर आला : स्नायू परततील, पण केव्हा, आणि कोणत्या क्रमाने?

६

गेल्या तीन दशकांत या अनुभवांना मोजमापाची जोड मिळाली. १९९६ मध्ये अमेरिकेतील बाख आणि सापोरितो यांनी स्नायुदौर्बल्याच्या रोग्यांत असे दाखविले की, साह्य घेऊन का होईना, खोकल्याचा झोत मिनिटाला १६० लिटरांच्या वर जात असेल तर नळी काढणे साधते. त्याखाली अपयश येते. २००३ मध्ये इटलीतील चेरियाना आणि सहकाऱ्यांनी प्रकृतीचे स्थैर्य, खोकला, गिळणे, रक्तातील कर्बद्विप्राणिलाचे प्रमाण आणि श्वासनलिकेतील संकोच अशा अनेक अंगांची एकत्र कसोटी योजिली. २००८ मध्ये स्टेलफॉक्स आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील चिकित्सकांना विचारणा केली, तेव्हा शुद्धी, खोकला, स्रावांचे प्रमाण आणि प्राणवायूची गरज या चार गोष्टींना सर्वाधिक महत्त्व मिळाले. घटसर्पाच्या काळी एकमेव असलेली कसोटी आता अनेकांतील एक झाली होती.

२०२० मध्ये स्पेनमधील एका अभ्यासाने रूढ पद्धतीलाही धक्का दिला. नळीचे तोंड २४ तास बंद ठेवून रोगी टिकतो का हे पाहावयाचे, ही पूर्वापार रीत. ३३० शुद्धीवरील रोग्यांत या रीतीची तुलना दुसऱ्या रीतीशी केली गेली. तीत नळीतून उष्ण, आर्द्र हवेचा मोठा प्रवाह सतत देऊन, सक्शन किती वेळा लागते यावरून निर्णय घेतला गेला. पहिल्या गटात नळी निघावयास मध्यमानाने १३ दिवस लागले, दुसऱ्यात ६. आणि नळी पुन्हा घालावी लागण्याचे प्रमाण वाढले नाही. याचे मर्म असे की, नळी बंद केली तरी ती श्वासनलिकेत जागा अडवून असतेच. तेव्हा बंद नळीभोवतून श्वास घेण्याची परीक्षा ही नळी नसतानाच्या श्वासाहून कठीण असते. त्या परीक्षेत नापास झालेला प्रत्येक रोगी खरोखरच अपात्र असतो असे नाही. मात्र हा निष्कर्ष शुद्धीवरील, यंत्रापासून सुटलेल्या रोग्यांपुरता आहे, हे विसरता कामा नये.

७

आता आवाजाकडे वळू. आपल्या शिक्षाग्रंथांनी वाणीचा आरंभ श्वासात मानला आहे. पाणिनीय शिक्षेत मनाने चेतविलेला अग्नी वायूला प्रेरणा देतो आणि तो वायू उरातून वर येत ध्वनी निर्माण करतो. तैत्तिरीय प्रातिशाख्याने याहून सूक्ष्म भेद केला : कंठ मिटलेला असता नाद, उघडा असता श्वास, आणि मधल्या स्थितीत हकार. स्वरतंतूंचे दर्शन घडविणारी साधने नसताना केलेले हे विश्लेषण आजच्या ध्वनिविज्ञानाशी तत्त्वतः जुळते. नळी स्वरयंत्राच्या खाली असते. उच्छ्वास तेथूनच बाहेर पडतो, आणि कंठ मिटो वा उघडो, नादाला लागणारा वायूच त्याच्यापर्यंत पोचत नाही. यंत्र शाबूत असून वारा नाही, अशी ही अवस्था.

फुगा रिकामा करून नळीचे तोंड क्षणभर झाकले तर उच्छ्वास वर जातो आणि आवाज उमटतो. डेव्हिड म्युर या स्नायुक्षयाने पीडित अमेरिकन तरुणाने १९८० च्या दशकात याच तत्त्वावर एकमार्गी झडप तयार केली. ती श्वास आत घेऊ देते, पण बाहेरची वाट बंद करून उच्छ्वास कंठाकडे वळविते. फुगा फुगलेला असताना ही झडप लावणे मात्र प्राणघातक आहे, कारण मग उच्छ्वासाला कोणतीच वाट उरत नाही.

उमटलेला आवाज वैद्याला काय सांगतो? स्वच्छ, लांब ‘आ’ निघाला तर वरचा मार्ग पुष्कळसा मोकळा आहे आणि स्वरतंतू मिटत आहेत. घोगरा, ओलसर आवाज स्राव साचल्याची शंका उत्पन्न करतो. आवाज मुळीच नसेल आणि रोगी कासावीस होत असेल, तर झाकण तत्काळ काढून दुर्बिणीने मार्ग पाहिला पाहिजे. एका श्वासात किती अंक मोजले जातात यावरून श्वासाच्या साठ्याचा अंदाज येतो. तरीही आवाज ही एकमेव कसोटी नव्हे. स्वच्छ बोलणाऱ्या रोग्याचेही अन्न खोकल्याविना श्वासमार्गात उतरू शकते. गिळण्याची परीक्षा म्हणून वेगळीच करावी लागते.

कोणते शब्द बोलवावेत, हा प्रश्न भाषाभ्यासकाचा आहे. कामठी ही १८२१ मध्ये वसलेली छावणी. मद्रासच्या फौजांमुळे तेथे दक्षिणी भाषा आल्या, विणकर वस्तीत उर्दू आहे, बाजारात हिंदी आणि नागपुरी मराठी आहे. याच गावचे विडी कामगारांचे पुढारी बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. कोणी राम राम म्हणतो, कोणी सलाम, कोणी जय भीम. नळी असलेल्या माणसाला अभिवादनाचे उत्तर देता येत नाही, तो हात हलवितो. परक्या भाषेतील चाचणीवाक्यापेक्षा असे नित्याचे अभिवादन परीक्षेला अधिक उपयोगी पडेल. कारण त्यात रोगी शब्दांचा विचार करीत नाही, सारे बळ श्वासालाच देतो. ‘भीम’मधील भकार तर सघोष महाप्राण आहे, प्रातिशाख्याने वर्णिलेली मधली स्थिती त्याला लागते, आणि वायूही अधिक खर्ची पडतो.

८

शेवटी, ज्या घरी रोगी परततो त्या घराचाही विचार निर्णयात आला पाहिजे. नाक हवेला ऊब आणि ओलावा देते. नळी नाकाला वगळते. वैशाखात विदर्भाचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा कोरड्या हवेने स्राव घट्ट होऊन आतली नळी बुजू शकते. वीज गेली की सक्शनचे यंत्र थांबते. नळीची निगा राखणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते; तिला शिकवावयास रुग्णालयात कितीसा वेळ दिला जातो, यावर रोग्याचा जीव अवलंबून राहतो. शुद्धीवर असलेल्या, खोकू आणि गिळू शकणाऱ्या रोग्याची नळी केवळ पुन्हा तपासणी न झाल्याने गळ्यात राहत असेल, तर ती सावधगिरी नसून दुर्लक्ष आहे. उलट, घर दूर आहे आणि रात्री मदत नाही, हे कारण दोन दिवस अधिक थांबण्यास पुरेसे आहे.

तात्पर्य, मार्ग, गिळणे, खोकला, शुद्धी आणि स्राव या पाच गोष्टींचा हिशोब एकत्र मांडल्यावाचून नळी काढू नये. आणि तो हिशोब नियमाने, ठरावीक दिवसांनी मांडल्यावाचून ती राहूही देऊ नये. नळी घालताना रोग्याच्या अंगावर टाचणपत्र नसते; पण घरी जाताना त्याच्या कागदांवर नळी घालण्याचे कारण, तारीख, फुग्याची स्थिती आणि पुढील तपासणीचा दिवस कुटुंबाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असावा. इतके करावयास कोणतेही महाग यंत्र लागत नाही.